हाताला खेळ, मेंदूला चालना : बालवाडीचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल

तुमचं मूल दोन-अडीच वर्षांचं असेल, तर पोळ्या करताना ते कणकेचा गोळा मागायला हमखास येत असेल. गोळा लांबवून साप करतं, चपटा करून कासव करतं. दिसायला दोन्ही सारखेच! अशा वेळी अनेक पालकांना काळजी वाटते की मूल नुसतं खेळतंय, शिकणार कधी? याच प्रश्नामागे ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची ओळख करून घेऊया.

आईविना गेलेलं बालपण

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतल्या ओबरवाइसबाख या गावी झाला. ते नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील धर्मगुरू, सतत कामात. सावत्र आईला स्वतःचं मूल झाल्यावर छोट्या फ्रेडरिककडे लक्ष द्यायला कोणी उरलं नाही. घराजवळची बाग आणि आजूबाजूचं रान हीच त्याची सोबत होती. दहाव्या वर्षी मामा त्याला आपल्या घरी घेऊन गेले. तिथे त्याला माया मिळाली.

पुढे त्यांनी वनखात्याच्या कामाची उमेदवारी केली, विद्यापीठात शिकले आणि १८०५ मध्ये फ्रँकफर्टच्या एका शाळेत शिकवू लागले. स्वित्झर्लंडमधले शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्याकडे त्यांनी काही काळ काम केलं. १८१६ मध्ये स्वतःची शाळा काढली. मूल शाळेत येतं, त्याआधीची वर्षं सर्वांत मोलाची असतात, हे त्यांना हळूहळू पटत गेलं.

मुलांची बाग

१८३७ मध्ये त्यांनी ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी केंद्र सुरू केलं. १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. आपल्या बालवाडी या शब्दातही वाडी आहेच!

तिथलं पहिलं खेळणं होतं लोकरीचे सहा रंगीत, मऊ चेंडू. दोरीला बांधलेला चेंडू मोठ्या माणसाने हलवला की तो कधी उडी मारणारं मांजर व्हायचा, कधी पक्षी. मग लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, विणकाम आणि ओल्या मातीच्या वस्तू. आईने बाळासोबत बोटांनी खेळायच्या खेळांचं पुस्तकही त्यांनी १८४४ मध्ये काढलं. कबुतरांचं खुराडं, पक्ष्याचं घरटं हे सगळं त्यात बोटांनीच व्हायचं.

यातून मूल काय शिकतं?

गोळा मळताना तळहाताचे आणि बोटांचे स्नायू बळकट होतात. चिमटीत धरून सशाचे कान ओढताना पुढे पेन्सिल धरण्याची आणि बटण लावण्याची तयारी होते. कुठे दाबायचं ते डोळे सांगतात, हात दाबतो. असा डोळ्यांचा आणि हातांचा मेळ बसतो. तुम्ही शेजारी बसून शेपूट, पंख, मोठा, छोटा असे शब्द बोलत गेलात की भाषाही वाढते.

घरी काय करता येईल?

- दीड ते दोन वर्षं : कणीक थापणं, हाताच्या रंगीत ठशाचा मासा करणं.
- दोन ते तीन वर्षं : गोळ्यांची अळी, कागद फाडून चिकटवलेली मेंढी.
- तीन वर्षांनंतर : शाडूच्या मातीचा हत्ती. बोथट टोकाची कात्री तुमच्या देखरेखीखाली चालेल.

हत्ती हत्तीसारखा दिसला नाही तरी चालेल. त्याची सोंड तुम्ही नीट करून दिलीत, तर हाताचा व्यायाम तुमचा होतो, मुलाचा नाही.

ही काळजी घ्या

फ्रोबेल यांच्या खेळांत भिजवलेले वाटाणे आणि काड्याही होत्या. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र वाटाणे, मणी, बटणं, चिकटवायचे डोळे देऊ नका. ते घशात अडकून श्वास कोंडू शकतो. लांब दोरी नको. कच्ची कणीक खाऊ देऊ नका आणि खेळानंतर हात धुवा.

दीड वर्षाच्या आत मूल सतत एकच हात वापरत असेल, हात खूप ताठ किंवा ढिले वाटत असतील किंवा आधी येणारी गोष्ट आता येत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यात तुमचा काही दोष नाही. लवकर मदत मिळाली की मुलाला फायदा होतो.

शेवटचं वर्ष

१८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. समाजवादी विचारांच्या पुतण्याचं लेखन त्यात गैरसमजाने त्यांच्या माथी मारलं गेलं. २१ जून १८५२ रोजी फ्रोबेल यांचं निधन झालं. बंदी उठली १८६० मध्ये. ती उठलेली त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या थडग्यावर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक उभे आहेत. हे तिन्ही आकार त्यांच्या लाकडी खेळण्यांतले.

लहानपणी ज्यांच्या शेजारी बसायला कोणी नव्हतं, त्यांनी मोठ्यांना मुलांशेजारी बसायला शिकवलं. आज पोळ्या झाल्या की एक गोळा बाजूला ठेवा आणि पंधरा मिनिटं मुलाजवळ बसा. महागड्या खेळण्यांपेक्षा त्याला तुमची ही सोबत जास्त हवी आहे.