भिंती नसलेला तुरुंग : औंधच्या राजाने कैद्यांवर विश्वास का टाकला?

कडेगावहून विट्यामार्गे आटपाडी गाठली, की जवळच स्वतंत्रपूर आहे. खून केलेल्या कैद्यांना उंच भिंतींविना, शेतात ठेवण्याचा प्रयोग इथे १९३९च्या सुमारास सुरू झाला. त्यामागे होते औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

कोण होते भवानराव?
जन्म १८६८चा. १९०९मध्ये ते गादीवर आले. चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक अशी त्यांची ख्याती. १९१०मध्ये त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. जानेवारी १९३९मध्ये तर त्यांनी राज्यकारभारच प्रजेच्या हाती सोपवला.

कल्पना कोणाची?
औंधमध्ये येऊन राहिलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची. परवानगी राजाची, म्हणून जोखीमही राजाचीच. एक कैदी पळून गावात शिरला असता, तर दोष त्यांच्याच माथी आला असता.

प्रयोग चालला कसा?
मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात. ज्या वागण्यानंतर हवीशी गोष्ट मिळते, ते वागणे पुन्हा घडते. शिक्षेच्या भीतीने माणूस आवरतो खरा, पण बहुधा पहारेकरी समोर असेपर्यंतच. स्वतंत्रपुरात चांगल्या वागणुकीच्या कैद्याला बेडीऐवजी जमीन, काम आणि कुटुंबासोबत राहण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पळून जाण्यात सुटका कमी आणि नुकसान जास्त, हे त्याला रोज दिसत होते. मात्र हे लाड नव्हते. सवलत आधी वागणुकीने कमवायची होती आणि वागणूक बिघडली की ती गमावण्याची शक्यता होती.

याच काळात, १९३८मध्ये, अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांचे प्रबलनावरील गाजलेले पुस्तक आले. तिकडे प्रयोग उंदरांवर होत होते, इकडे माणसांवर विश्वास टाकला जात होता.

पुढे काय झाले?
१९४८मध्ये संस्थान विलीन झाले. १९५१मध्ये भवानराव गेले. वसाहत मात्र सरकारने चालू ठेवली. याच प्रयोगावरून माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७मध्ये पडद्यावर आला.

आपल्यासाठी काय?
घरात आदळआपट करणाऱ्या मुलाकडे आपले लक्ष लगेच जाते. ते शांत बसले, तर कुणी पाहतही नाही. म्हणजे नको ते वागणेच आपण पोसतो. चांगले वागताना दखल घ्या, तीही लगेच. भवानरावांच्या राज्यात हे खुनी कैद्यांच्या बाबतीत करून पाहिले गेले. घरात तर ते त्याहून सोपे आहे.