रक्तातला बदल मोजणारा माणूस : जे. बी. एस. हॉल्डेन

जूचंद्र (ता. वसई) : नायगाव-जूचंद्रच्या पट्ट्यात खाडी आहे, मिठागरं आहेत आणि पावसाळ्यात साचणारं पाणीही आहे. त्यामुळे डास आणि मलेरिया हे शब्द इथं लहान पोरालाही माहीत असतात. पण थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार जगात इतके का पसरले, याचं उत्तरही मलेरियातच आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. हे उत्तर सर्वप्रथम सुचवणारे शास्त्रज्ञ जन्माने इंग्रज होते, पण शेवटी भारताचे नागरिक झाले. त्यांचं नाव जॉन हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील खाणींतल्या विषारी वायूंचा अभ्यास करायचे आणि मुलालाही सोबत खाणीत उतरवायचे. गंमत म्हणजे पुढे जगभर नाव कमावलेल्या या शास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला ते गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. पहिल्या महायुद्धात इराकच्या आघाडीवर जखमी झाल्यावर त्यांना उपचारासाठी हिंदुस्थानात आणलं गेलं. या देशाशी त्यांची ओळख झाली ती अशी.

जनुकातला बदल म्हणजे काय? शब्दातला एक काना इकडचा तिकडे झाला की अर्थ बदलतो. जनुकांचंही तसंच आहे. आईबापांकडून मुलाकडे जाताना कधी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही, पण कधी कधी आजार होतो. असा बदल किती वेळा होतो, हे माणसाच्या बाबतीत हॉल्डेन यांनी १९३५ मध्ये गणिताने काढलं. त्यासाठी त्यांनी हिमोफिलिया हा आजार घेतला. यात रक्त लवकर गोठत नाही. त्या काळी असे बरेच मुलगे बाप होण्याआधीच दगावत. मग हा आजार संपत का नाही? कारण जितकी सदोष जनुकं नाहीशी होतात, तितकीच नव्याने तयार होतात. हिशोब आला सुमारे ५०,००० मध्ये एक. म्हणजे घराण्यात कुणालाच नसलेला आजारही एखाद्या बाळात पहिल्यांदा दिसू शकतो. त्यात आईचा दोष नाही आणि सुनेचा पायगुणही नाही.

पुढचा प्रश्न थॅलेसेमियाचा होता. भूमध्य समुद्राकाठी हा आजार इतका जास्त का? १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हॉल्डेन यांनी मांडलं, की ज्याच्याकडे असं एकच जनुक आहे, त्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावं. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत नेमकं हेच दाखवून दिलं. एक जनुक असेल तर ढाल, दोन आली तर जीवघेणा आजार! पालघरच्या आदिवासी पाड्यांत आणि विदर्भात सिकलसेल आढळतो, तोही याच कारणाने.

१९५७ मध्ये हॉल्डेन लंडनचं प्राध्यापकपद सोडून पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कलकत्त्याला आले आणि भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. कुर्ता-पायजमा घालू लागले, पुढे भारतीय नागरिकत्व घेतलं आणि नंतर भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. त्यांच्या वर्तुळातले कृष्ण द्रोणमराजू आणि डॉ. पी. मीरा खान यांनी आंध्रातल्या नात्यातल्या लग्नांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला.

हा विषय आपल्या घरापर्यंत येतो तो इथेच. नात्यात लग्न ही काही एकट्या मुस्लिम समाजाची रीत नाही. आंध्रात मामा-भाचीचं लग्न होतं, महाराष्ट्रातही अनेक घरांत मामाची मुलगी करतात. पण सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांत साधारण आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात. त्यामुळे दडलेलं सदोष जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं बाळ निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

मायनर असणारा माणूस मात्र धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. रक्ताच्या साध्या तपासणीनंतर एचपीएलसी नावाची चाचणी केली की ते कळतं. निकाहाची बोलणी पक्की होण्याआधी मुलगा-मुलगी दोघांनीही ती करून घ्यावी. फक्त मुलीचीच तपासणी मागणं हा अन्याय आहे आणि त्यातून नेहमीच पूर्ण चित्र कळतं असंही नाही. रिपोर्टमध्ये मायनर आलं तरी लपवायचं कारण नाही. एकच जण मायनर असेल तर मुलांना मेजर होत नाही. दोघंही असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला हॉल्डेन यांचं कॅन्सरने निधन झालं. हा आजारही पेशींच्या जनुकांतल्या बदलांतूनच होतो. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाडाच्या रंगराया मेडिकल कॉलेजला देण्यात आला. रक्तातला दोष हा कुणाचा गुन्हा नसतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आता तो वेळेत ओळखणं आपल्या हातात आहे.