भयकथाकार माँटेग्यू जेम्स

मुलांनो, भुताची गोष्ट कोणास आवडत नाहीं? ती लिहिण्यांत ज्यांचा हात धरणारा विरळा, ते माँटेग्यू जेम्स १८६२ सालीं इंग्लंडांत एका पाद्र्याच्या घरीं जन्मले. केंब्रिज येथें हस्तलिखितांच्या सूची करण्यांत हे विद्वान् गढून जात. नाताळांत मात्र मेणबत्तीच्या उजेडांत स्नेह्यांस स्वतः रचिलेली भयकथा वाचून दाखवीत. तींत भूत क्षणभरच दिसे, म्हणूनच भीति अधिक वाटे. मॅकब्राइड नांवाच्या तरुण मित्रानें या कथांसाठीं चित्रें काढावयास घेतलीं. परंतु चार पुरीं होतात तोंच १९०४ सालीं तो निवर्तला. त्याच वर्षीं जेम्स यांनीं त्या चारच चित्रांसह कथासंग्रह प्रसिद्ध केला. १९३६ सालीं ते ईटन येथें वारले. भय उपजविणाऱ्या त्या पुस्तकाच्या मुळाशीं स्नेह आहे, हें वाचकानें विसरूं नये.