रोझलिंड फ्रँकलिन : फोटो ५१ च्या पुढे

शिक्षक मित्रांनो, पालकहो, डीएनएचा धडा शिकवताना रोझलिंड फ्रँकलिन यांना आपण फोटो ५१ पाशीच सोडून देतो. १९५२ मधला तो फोटो त्यांना न विचारताच वॉटसन यांना दाखवला गेला, हे मुलांना सांगाच. पण पुढचंही सांगा.

१९५३ मध्ये त्या लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात गेल्या आणि तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूकडे वळल्या. हा विषाणू म्हणजे पोकळ नळीच! प्रथिनाचे एकसारखे तुकडे गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले. आरएनए मधल्या पोकळीत नसतो, त्या प्रथिनांतच रुतलेला असतो, हे त्यांनी क्ष-किरणांनी दाखवलं. कर्करोग झाला तरी काम थांबलं नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्या विषाणूची मोठी प्रतिकृती करत होत्या. १६ एप्रिल १९५८ ला, अवघ्या ३७ व्या वर्षी त्या गेल्या. प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी उघडलं.