टाकी मुरवणारा माणूस

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको. आणि मी लेखिका वगैरे अजिबात नाही. हा लेख लिहिण्यामागे सहा मेलेले गप्पी मासे आहेत.

गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या सहा जणींनी कॉन्ट्रिब्युशन काढून कॉमन रूमसाठी दोन फुटी फिश टँक आणला. दुकानदाराने त्याच दिवशी आठ गप्पी दिले, वर एक छोटी बाटलीही दिली. यात जिवंत बॅक्टेरिया आहेत, एक झाकण ओता आणि उद्याच मासे सोडा, असं सांगितलं. बाटलीचं लेबल मोठ्याने वाचून सगळ्यांना पटवणारी मीच. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. नवव्या दिवशी दोनच उरले. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ! रोज त्यांना खाणं घालणारी माझी रूममेट दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एन्व्हायर्न्मेंटल लॅबमध्ये त्या पाण्यात नेस्लर रिएजंट टाकलं तर ते पिवळंधमक झालं. म्हणजे अमोनिया. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून तो तयार होतो आणि नव्या टाकीत त्याला संपवणारं कोणी नसतं. जुन्या टाकीत दोन प्रकारचे बॅक्टेरिया असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा बराच सौम्य. हे बॅक्टेरिया वसायला काही आठवडे लागतात. मासे पाळणारे याला टँक सायकल होणं म्हणतात. मला लोणच्यासारखं 'मुरणं' म्हणायला आवडतं.

सरांनी सांगितलं की ही सगळी गोष्ट ज्याने उलगडली तो सर्गेई विनोग्राड्स्की. आमच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला अर्धी ओळ आहे. लायब्ररीत शोधत गेले आणि मासे बाजूला राहून हा माणूसच डोक्यात बसला.

त्याचा जन्म 1856 चा, कीव्हमधला. आज ती युक्रेनची राजधानी आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होती. घरची परिस्थिती चांगली. हा आधी सेंट पीटर्सबर्गला पियानो शिकत होता! मग संगीत सोडून विज्ञानाकडे वळला. आपल्याकडे ब्रँच बदलायची म्हटलं तरी घरात केवढा गोंधळ होतो. पुढे 1885 मध्ये तो स्ट्रासबर्गला अँटोन डी बारी यांच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे गंधकाच्या झऱ्यांत वाढणाऱ्या बेगियाटोआ या बॅक्टेरियावर काम करताना त्याच्या लक्षात आलं की हा जीव हायड्रोजन सल्फाइडच्या ऑक्सिडेशनमधून ऊर्जा मिळवतो. सूर्यप्रकाश नाही, तयार अन्न नाही, नुसत्या रसायनावर जगणं. ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

1888 मध्ये डी बारी वारले आणि विनोग्राड्स्की झुरिचला गेला. तिथे त्याने अमोनियाचा प्रश्न हातात घेतला. त्याआधी 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडून पाहिलं होतं. पहिले वीसेक दिवस काहीच घडलं नाही, मग नायट्रेट दिसायला लागलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर ते थांबलं. बागेतल्या मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम कुणीतरी जिवंत करतंय हे नक्की झालं. पण तो 'कुणीतरी' हाती लागत नव्हता.

कारण सगळेजण बॅक्टेरिया वाढवायला जिलेटिनसारखं पौष्टिक खाणं देत होते. त्यावर भलतेच बॅक्टेरिया माजायचे आणि हवे ते राहायचे बाजूला. विनोग्राड्स्कीने उलटा विचार केला. त्याने अमोनियाचे क्षार, थोडी खनिजं आणि कार्बोनेट एवढंच दिलं, सेंद्रिय काही नाही. ज्याला यावर जगता येईल तोच उरेल. बॅक्टेरिया फ्लास्कच्या तळाशी कार्बोनेटच्या कणांना चिकटून वाढताना दिसले. 1890 च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की अमोनिया खाणारे वेगळे आणि नायट्राइट खाणारे वेगळे. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावं त्याचीच. घट्ट माध्यम हवं म्हणून त्याने जिलेटिन सोडून सिलिका जेल वापरलं.

1891 मध्ये तो पीटर्सबर्गला परतला. तिथल्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्याने हवेतला नायट्रोजन पकडणारा बॅक्टेरिया मातीतून वेगळा केला. आणि पन्नाशीच्या आसपास, तब्येतीमुळे, सगळं सोडून आपल्या जमिनीवर राहायला गेला. पुढची पंधराएक वर्षं संशोधन बंद. रशियन क्रांतीनंतर ती जमीनही गेली, देशही सुटला. काही काळ त्याने बेलग्रेडला शिकवलं.

गोष्ट इथेच संपली असती. पण 1922 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्याला बोलावलं. वय पासष्टच्या पुढे. पॅरिसजवळ ब्री-कोंत-रोबेर या गावी त्याने पुन्हा मातीवर काम सुरू केलं. 1949 मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याचा मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रावरचा मोठा ग्रंथ निघाला. 1953 मध्ये तिथेच तो वारला. एक केटी लागली की वर्ष फुकट गेलं म्हणून रडणाऱ्या मला हे वाचून जरा लाजच वाटली.

आता बाटलीचा प्रश्न. त्या खोट्याच असतात का? तर सरसकट नाही. योग्य बॅक्टेरिया जिवंत असतील तर टाकी लवकर मुरते. पण हे बॅक्टेरिया सावकाश वाढतात. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना बरेच तास लागतात, कधी दिवसही. ते बीजाणू करत नाहीत, त्यामुळे उन्हात, गोदामात पडलेल्या बाटलीत काय उरलं असेल देव जाणे. शिवाय 1998 मध्ये कळलं की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाण्याचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, नायट्रोबॅक्टर नाही. 2015 मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायराही सापडला. म्हणजे विनोग्राड्स्कीच्याही पुढे गोष्ट गेली, पण त्याच्याच रस्त्याने.

सगळ्यात खात्रीचं विरजण म्हणजे मुरलेल्या टाकीचा फिल्टर. उरलेल्या दोन गप्पींना आम्ही बादलीत ठेवलं आणि रोज पाणी बदललं. एका सरांच्या घरच्या जुन्या टँकमधला अर्धा स्पंज आणला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं, रोज चिमूटभर खाणं टाकून अमोनिया मोजत राहिलो. पंधरा दिवसांनी नेस्लरचा पिवळा रंग गेला, नायट्राइटही दिसेना. मगच मासे सोडले. एका टाकीवरून सिद्ध काही होत नाही, शेजारी स्पंज नसलेली दुसरी टाकी ठेवायला हवी होती, हे इंजिनिअर म्हणून मान्य.

पण आज त्या टाकीत वीसच्या वर गप्पी आहेत. रूममेट माझ्याशी बोलते. फक्त लेबलं आता तीच वाचते.