प्रोफेसर केळफा यांची करामत

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा चौकाचौकांत व्हिडिओ लायब्रऱ्या होत्या. शनिवारी बँकेतून परतताना कॅसेट भाड्याने आणायची आणि रविवारी दुपारी पडदे ओढून घरादाराने भुताखेतांचा, नाहीतर परग्रहावरच्या राक्षसांचा चित्रपट पाहायचा, असा तो काळ. 'पुराना मंदिर'ची कॅसेट इतक्या घरांतून फिरून यायची, की भूत येण्याआधी पडद्यावर मुंग्याच यायच्या. ती दुकाने आता गेली. परवा नातवाच्या फोनवर मात्र एक मूकपटाचा तुकडा पाहिला. कंसाचे मुंडके धडापासून सुटते, हवेत वर तरंगते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते. नातू हसला, पण त्याने तो तुकडा तीनदा पाहिला.

तो चित्रपट १९१८ चा 'श्रीकृष्ण जन्म', आणि करामत धुंडिराज गोविंद फाळके यांची. दादासाहेबांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून हार घालतो. पण ते हाडाचे जादूगार होते, हे त्या हाराखाली झाकून जाते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्म. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जे दिसेल ते शिकायचे. गोध्य्राला फोटोचा धंदा थाटला, तर १९०० च्या प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेले. बडोद्याला पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक फिरकेना. ज्या यंत्राने त्यांनी पुढे लोकांना सुखद भय दाखवले, त्याच यंत्राच्या भयाने त्यांचे हे दुकान बुडाले! याच धडपडीच्या काळात ते हातचलाखी शिकले आणि आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही करू लागले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, स्वदेशीच्या लाटेत तिचा राजीनामा, लोणावळ्याचा छापखाना, यंत्रांसाठी जर्मनीची वारी आणि शेवटी भागीदारांशी बेबनाव. म्हणजे चाळिशी ओलांडली तरी संसार अधांतरीच.

अशा वेळी गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना वेड लागले. रोज चित्रपट पाहायचे, रात्री घरी खेळण्यातल्या कॅमेऱ्याशी झगडायचे. झोप तीन तासांची. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. औषधोपचाराने दृष्टी परत आली. वेड मात्र गेले नाही.

विलायतेला जायला पैसा हवा होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा त्यावर रोखून ठेवला. पडद्यावर तो अंकूर क्षणात वेल होऊन वाढू लागला. ही आपल्याकडची विज्ञानपटाची सुरुवात म्हणायला हरकत नाही. यशवंतराव नाडकर्णी यांनी ते पाहिले आणि विम्याच्या पॉलिसीवर कर्जाची सोय झाली. मी उभा जन्म बँकेत कर्जाच्या फायली चाळल्या. उत्पन्न नाही, धंद्याचा पूर्वानुभव नाही, अर्जदार नुकताच आंधळेपणातून उठलेला. माझ्या टेबलावर तो अर्ज आला असता तर मी तो नामंजूरच केला असता, हे कबूल करायला हवे.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहायला मिळाला. हेपवर्थ स्वतः चमत्कृतिपटांत मुरलेले. विल्यमसन कॅमेरा घेऊन एप्रिलमध्ये फाळके परतले आणि दादरच्या घराचा कारखाना झाला. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई राबल्या. साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दागिनेही या पायी गेले. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातल्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

करामतीचे तंत्र सांगायला सोपे आहे. हाताने फिरवायचा कॅमेरा थांबवायचा, माणूस हलवायचा, पुन्हा फिरवायचा. पाहणाऱ्याला वाटते, माणूस गडप झाला. किंवा घेतलेली फिल्म उलटी गुंडाळून तिच्यावरच दुसरे चित्र घ्यायचे. एक फेरी चुकली की मेहनत पाण्यात. संगणक हाताशी नसताना, फिल्म धुऊन होईपर्यंत काय उमटले आहे ते कळत नसताना, या माणसाने 'लंकादहन'मध्ये मारुती उडवला आणि 'कालियामर्दन'मध्ये आपली चिमुरडी मंदाकिनी कृष्ण करून नागाशी झुंजवली. त्या चित्रपटाच्या आरंभी मंदाकिनीचा चेहरा आपल्यासमोर कृष्णाचा होतो. मला तरी हा आरंभ रामसे बंधूंच्या साऱ्या थडग्यांपेक्षा अधिक थरारक वाटतो.

पुढची कहाणी भराभर उताराला लागते. नाशिकची हिंदुस्थान फिल्म कंपनी, भागीदारांशी पुन्हा बिनसणे, रुसून काशीला जाणे, परत येणे. बोलपट आला आणि चमत्कारापेक्षा संवादाची व गाण्यांची किंमत वाढली. १९३७ चा कोल्हापूरचा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा त्यांच्या हातात ना कंपनी होती, ना पैसा.

बहुतेक चित्रपटही गेले. ती फिल्मच पेट घेणारी, कुजणारी. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून उरलीसुरली रिळे मिळवली, म्हणून थोडेफार हाती लागले. 'हरिश्चंद्र'चा जो तुकडा आपण पाहतो तो १९१३ चा की १९१७ च्या नव्या आवृत्तीचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. नातवाने मात्र मला एवढेच विचारले, की ते मुंडके वर नेताना दोरी कुठे लपवली होती.