नाणी तोलणारा गणिती

मेटल डिटेक्टरचं तत्त्व आपण शिकलेलोच आहोत. कॉइलचं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खालच्या धातूत एडी करंट तयार होतात आणि परत येणाऱ्या सिग्नलच्या फेजवरून यंत्र एक आकडा दाखवतं. लोखंडाचा बहुधा खालचा, चांदीचा वरचा. पण चांदीचं पातळ नाणं आणि तांब्याचा एखादा तुकडा कधीकधी सारखाच आकडा देतात. मग आकड्यावरून जुनं नाणं ओळखायचं कसं? मला याचं उत्तर एका गणितज्ञाच्या चरित्रात सापडलं. ते म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली आणि बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना राहायला मात्र ते पुण्यातच. रोज डेक्कन क्वीनने अप-डाऊन!

संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी जुनी नाणी घेतली. तक्षशिलेला १९२४ मध्ये चांदीच्या १०५५ आहत नाण्यांचा साठा सापडला होता. त्यांवर ना राजाचं नाव, ना साल, नुसते ठसे. कोसंबींनी अचूक तराजूवर एकेक नाणं तोललं. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. त्यामुळे एकाच प्रकारच्या नाण्यांचं सरासरी वजन काळानुसार घटतं आणि आपापसातला फरक वाढतो. म्हणजे एकाच साठ्यात जो गट जास्त झिजलेला, तो आधीचा! नाण्याच्या मागे जितके बारके ठसे जास्त, तितकं वजन कमी, हेही त्यांनी दाखवलं. ना उत्खनन, ना महागडं यंत्र. तराजू, आलेख आणि बैलासारखी मेहनत.

मला यातली खरी गोम ही वाटते, की एकट्या नाण्याचं वजन काहीच बोलत नाही. बोलतो तो अख्खा साठा. त्यातली दहा नाणी कुणी गुपचूप विकली, तर सरासरीच बिघडते आणि इतिहास कायमचा पुसला जातो.

हे आपल्याला लांबचं नाही. बदनापूरहून सातवाहनांचं पैठण आणि भोकरदन दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखी. भोकरदनला १९७३ मध्ये उत्खनन झालं. सातवाहनांची नाणी शिसं, तांबं, पोटीन, चांदी अशा कितीतरी धातूंची; म्हणजे डिटेक्टरची पुरती दमछाक. प्रोजेक्ट म्हणून डिटेक्टर जरूर बनवा, चालू नाण्यांवर त्याचे आकडे तपासा. पण गुप्तधनाच्या नादाने पांढरीच्या टेकाडावर कुदळ मारू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचं धन सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं.

कोसंबी २९ जून १९६६ रोजी पुण्यात गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नाणेशास्त्रावरचा त्यांचा लेख सायंटिफिक अमेरिकन मासिकात आला होता. इंजिनीअर होणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस वाचायलाच हवा. यंत्राने दिलेला आकडा हे उत्तर नसतं, तिथून तर प्रश्न सुरू होतो, हे त्यांच्याइतकं स्पष्ट मला कुठल्याच प्रॅक्टिकलने शिकवलं नाही.